व्हर्नाची चिमूट

ओहायोतल्या त्या विद्यापीठात उंदरांचे पिंजरे बदलण्यात व्हर्ना स्टॅमबॉची एकोणीस वर्षं गेली. गुडघे गेले, नवरा गेला, पण उंदरांची खोली तिने सोडली नाही. तिथे तिचं मन लागायचं.

डॉक्टर ऑस्टरहाउट बाईंच्या प्रयोगात अर्ध्या उंदरांना डुकराच्या चरबीचं खाणं होतं, अर्ध्यांना माशाच्या तेलाचं. चरबीवाले विजेच्या झटक्याआधीची घंटा वाजली की थिजून जायचे, तेलवाले सावरायचे. खाण्यातल्या स्निग्ध पदार्थांनी आतड्यातले जंतू बदलतात आणि भीती तिथूनच डोक्यात चढते, असं डॉक्टरांचं म्हणणं. व्हर्नाला कोणी काही समजावलं नाही. पिंजरे बदलणारीला कशाला सांगायचं!

नव्या पिंजऱ्यात चरबीवाले कोपऱ्यात अंग चोरून बसत. घरट्याचा कापूस संपलाय, असं तिने तीनदा लिहून दिलं. कागद कुठे गेले, देव जाणे. शेवटी तिने शेजारच्या तेलवाल्यांच्या जुन्या घरट्यातला चिमूटभर कापूस त्यांना घातला. त्यात लेंड्या होत्याच, आणि उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. तेलवाल्यांचे जंतू त्यांच्या पोटात गेले आणि महिन्याभरात चरबीवाले धीट झाले.

डॉक्टर चक्रावल्या. व्हर्ना गप्प राहिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता, पण तिने आपणहून सांगितलं. खरं बोलण्याचं बक्षीस लगेच मिळालं: प्रयोग नासवला म्हणून तिला तळघरात पिंजरे धुवायला पाठवलं. तिथे एकही उंदीर नव्हता. ती चिडून भांडी आपटावीत तसे पिंजरे आपटायची.

दोन महिन्यांनी डॉक्टर वही घेऊन खाली आल्या. आता तेच त्या मुद्दाम करत होत्या. व्हर्नाने केली ती चूक, यांनी केली ती पद्धत. पण यांचे उंदीर धीट व्हायचे सोडून एकमेकांना चावत होते. व्हर्ना नेमकं काय घालायची, हे त्यांना हवं होतं.

व्हर्नाच्या मनात आलं, बसा बोंबलत. पण चावे उंदरांना बसत होते.

"पिंजऱ्याच्या तळाचा भुसा घालताय ना? मुताचा भुसा नाही घालायचा, बाई. त्याने ते पिसाळतात. घरट्यातला कोरडा कापूस, तोही चिमूटभर."

डॉक्टरांनी भराभर लिहून घेतलं.

"आणि हे कोणी सांगितलं, तेही लिहा."

डॉक्टरांचं पेन थांबलं.