माणकेश्वरचा दाजी

जामसंड्यात दाजी लोके कोण म्हणून विचारलं असतं तर माणसं क्षणभर विचारात पडली असती. ‘माणकेश्वरचो दाजी’ म्हटलं की मात्र लहान पोरही बोट करून घर दाखवायचं. नवख्या माणसाला वाटायचं, माणकेश्वर हे दाजीचं कुलदैवत असणार. तसं नव्हतं. माणकेश्वर हे मुंबईतलं एक कॉलेज होतं, आणि त्या कॉलेजात दाजी एक अक्षरही शिकला नव्हता.

तो तिथे जिमखान्यावर कामाला होता. लढाई संपली त्या सुमाराला गावच्या एका ओळखीच्या माणसाने त्याला मुंबईला नेऊन तिथे चिकटवून दिलं. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळ्या बांधायच्या, पॅडना पांढरं फासायचं आणि सामन्याच्या दिवशी बॅटींचं गाठोडं खांद्यावर मारून पोरांच्या मागून मैदानावर जायचं. क्रिकेट त्याने त्याआधी कधी बघितलं नव्हतं. पहिल्या साली त्याला खेळातलं ओ की ठो कळलं नाही. एवढंच कळलं की आपली पोरं हरली की रात्री भात घशाखाली उतरत नाही. पुढच्या साली खेळही कळला आणि दाजी कायमचा अडकला.

माणकेश्वर काही बडं कॉलेज नव्हतं. कारकुनांची, मास्तरांची मुलं तिथे शिकायची. चार जणांत मिळून पॅडची एक चांगली जोडी. मैदानाच्या पलीकडे हॅमिल्टन कॉलेज होतं, ते मात्र पैसेवाल्यांचं. त्यांची पोरं मोटारीतून उतरायची, इंग्रजीत शिव्या द्यायची आणि दरसाल कॉलेजांची ढाल जिंकून न्यायची. माणकेश्वर शेवटच्या सामन्यापर्यंत धापा टाकत पोचायचं आणि तिथे हॅमिल्टनच्या हातचा मार खायचं. एका साली तर शेवटची जोडी मैदानावर होती, जिंकायला हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे रन हवे होते, आणि आपला एक पोर पळताना घसरून पडला. बाद झाला. दाजी सीमेवर उकिडवा बसून रडला होता.

त्याच उन्हाळ्यात घरून निरोप आला. वडील आंब्यावरून पडून कमरेतून गेले होते. दाजी चार दिवसांसाठी म्हणून बोटीत बसला तो परत गेलाच नाही. बाग होती, अंथरुणाला खिळलेला बाप होता, लग्नाची बायको यशोदा होती, मुलगा हरिश्चंद्र चालायला लागला होता. बाप आठ वर्षं अंथरुणावर राहिला. दाजीने त्याचं सगळं केलं, कधी कुरकुरला नाही. फक्त थंडी पडली, आंब्याला मोहोर धरू लागला, की त्याचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. तिकडे कॉलेजांचे सामने सुरू झालेले असायचे.

मुंबईचं वर्तमानपत्र बोटीने देवगडच्या वाचनालयात यायचं ते शिळं होऊनच. दाजी बागेतलं काम टाकून तिथे जाऊन बसायचा. वाचनालय सांभाळणारा विश्राम त्याचा जिवाभावाचा दोस्त. तो पानं उलटून तळाशी बारीक टायपात छापलेले कॉलेजांचे निकाल शोधायचा आणि मोठ्याने वाचायचा. आदल्या संध्याकाळी दाजीने कुणकेश्वराकडे तोंड करून गाऱ्हाणं घातलेलं असायचं, “बा देवा महाराजा, ह्या वर्साक तरी माणकेश्वराक सांभाळून घे रे महाराजा!” आणि विश्राम मागून “व्हय महाराजा!” म्हणायचा. सामना तिकडे कधीच संपून गेलेला असायचा. हरलेली पोरं घरी जाऊन, झोपून, उठून वर्गात बसलेली असायची, आणि दाजी इकडे देवाला साकडं घालत असायचा. विश्रामला हे कळत होतं. त्याने एकदा तसं बोलूनही दाखवलं. दाजी म्हणाला, “माका ठाऊक आसा रे. पण घातल्याशिवाय ऱ्हवना नाय.”

वर्षं अशी गेली. संघातली पोरं बदलली, दाजीच्या ओळखीचं एकही नाव उरलं नाही. तरी नवी नावं तो पाठ करायचा आणि त्यांच्यासाठी झुरायचा.

हरिश्चंद्र मोठा झाला तसं दाजीने त्याच्या हातात चेंडू दिला. गावाबाहेर कातळ होता, उन्हात तापून काळा पडलेला. त्यावर टप्पा पडला की चेंडू कानाशी यायचा. दाजी स्वतः चेंडू झेलायला ओंजळ पुढे करून उभा राहायचा आणि हरी पळत येऊन टाकायचा. पोर उंच, हाडापेराने मजबूत, खांद्यात जोर. मॅट्रिकला पोचेपर्यंत त्याचा चेंडू अंगावर घ्यायची दाजीची छाती होईना. पोराला माणकेश्वरात घालायचं, हे त्याने मनात पक्कं केलं होतं. मनातच कशाला, सगळ्या गावाला सांगून झालं होतं.

जूनमध्ये हरी मामाकडे परळला गेला. दिवाळीला परत आला तेव्हा अंगात कोट होता आणि कोटाच्या खिशावर कॉलेजचं चिन्ह होतं. दाजीने ते ओळखलं. हॅमिल्टनचं होतं.

“ह्यां काय रे?” दाजीने खिशावर बोट ठेवलं.

“बाबा, मी पयलो तुमच्याच कॉलेजात गेललंय,” हरी म्हणाला. “दोन दिवस तेंच्या जाळ्यात बोलिंग टाकलंय. तेंनी माका नको म्हटल्यानी. भायर इलंय तर हॅमिल्टनच्या मास्तरान बोलावून घेतल्यान. फी पण माफ केल्यानी.”

“माझा नाव सांगलंस तू? दाजी लोके म्हणान?”

“सांगलंय. कोणाक ठाऊक नाय.”

 पोराचं काही चुकलं नव्हतं. कॉलेजचंही चुकलं म्हणावं तर ते आपलंच कॉलेज. यशोदेने हरीला ओवाळलं, फराळाचं पुढे ठेवलं. दाजीने एक चकली हातात घेतली आणि ती तशीच हातात धरून बसून राहिला.

त्याच हंगामात व्हायचं ते झालं. जानेवारीत विश्राम वाचनालयातून पळत बागेत आला. शेवटचा सामना ठरला होता, माणकेश्वर आणि हॅमिल्टन. हॅमिल्टनच्या संघात एच. डी. लोके.

दाजीने कपडे बांधले. यशोदा दारात उभी राहिली.

“मोहोराच्या दिसात बाग सोडून चललास?”

“आपलो झील खेळता. बघूक नको?”

“झिलासाठी जातास, की माणकेश्वरासाठी?”

दाजीने गाठोडं खांद्यावर टाकलं. बंदरावर जाऊन पडावात बसला, पडावातून बोटीवर चढला. बोट सुटली तसं सवयीने त्याने हात जोडले, “बा देवा महाराजा...” आणि तोंड उघडंच राहिलं. पुढे काय मागायचं? हात जोडलेले, किनारा मागे चाललेला, आणि मागणं काही सुचेना. शेवटी तो नुसता पाया पडला. मग रात्रभर डेकवर बसून त्याने मनाला समजावलं. रक्ताचा पोर तो आपला. ते कॉलेज आपलं कोण लागतं? त्यांना तर आपलं नावही ठाऊक नाही. उजाडता उजाडता त्याने ठरवलं, पोर जिंकू दे. भाऊच्या धक्क्यावर उतरला तेव्हा त्याला हलकं वाटत होतं.

मैदानावर तो हॅमिल्टनच्या तंबूच्या बाजूला बसला. हरीने लांबून हात केला. पहिल्या दिवशी हरीने माणकेश्वरचे तीन जण उडवले. दर वेळी दाजीने टाळ्या वाजवल्या. पण ती टाळी हातातच वाजत होती, छातीत वाजत नव्हती. तिसऱ्या पोराची दांडी उडाली तेव्हा त्याच्या तोंडून “अरे देवा!” निघालं, आणि चेंडू कुणी टाकला हे त्यानंतर ध्यानात आलं. तो दचकला. शेजारच्या माणसाला त्याने घाईघाईने सांगितलं, “माझा मुलगा तो.” माणसाने कौतुकाने मान डोलावली. दाजीला आपण खोटं बोललो असं वाटलं.

सामना असा रंगला की शेवटच्या दिवशी दुपारी लोक झाडांवर चढले. हॅमिल्टनला जिंकायला पाच रन हवे होते, आणि नऊ जण बाद. शेवटचा गडी म्हणून हरी बॅट घेऊन निघाला. बॅट धरायचं त्याला फारसं जमत नसे. कातळावर तो नेहमी चेंडूच टाकत आला होता. जाताना तो बापासमोरून गेला. “बाबा, बघा हां,” एवढंच म्हणाला.

दाजी बघत होता. पहिला चेंडू हरीने कसाबसा अडवला. दुसरा बॅटची कड घेऊन मागे गेला, दोन रन मिळाले. लोक ओरडले. दाजीने दोन्ही हातांनी धोतराचा सोगा घट्ट धरला होता. त्याच्या डोळ्यांपुढे तो घसरून पडलेला जुना पोर येत होता, रुळाचं लोखंड येत होतं, वाचनालयातले सगळे हिवाळे येत होते. माणकेश्वरचा बोलर पळत सुटला. किडकिडा, चष्मा लावलेला पोर, सदऱ्याला ठिगळ. चेंडू पडला, आत वळला, आणि हरीची मधली दांडी उडाली.

दाजी उभा होता. हात वर होते, टाळ्या वाजत होत्या आणि कुणीतरी “माणकेश्वर! माणकेश्वर!” म्हणून गळा फाडून ओरडत होतं. हॅमिल्टनच्या बाजूचे लोक वळून बघू लागले तेव्हा त्याला समजलं की ओरडणारे आपणच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने हात खाली घ्यायचा प्रयत्न केला. तेवढ्यात त्याला हरी दिसला. बॅट काखेत धरून परत येताना तो थबकला होता आणि बापाकडे बघत होता.

माणकेश्वरची पोरं मैदानात नाचत होती. एकमेकांना उचलून घेत ती दाजीच्या पुढून गेली. दाजी दोन पावलं पुढे झाला. “मी हंयच होतंय,” तो म्हणाला, “तुमच्या जिमखान्यावर...” एका पोराने हसून त्याला नमस्कार केला आणि सगळी निघून गेली.

ट्राममध्ये बाप-लेक शेजारी बसले. 

“हरी,” दाजी म्हणाला, “मी बोटीर ठरवललंय रे, तू जिंकाक व्हयो म्हणान.”

“व्हय.”

“माका कळूकच नाय. हात आपसूकच...”

“बाबा, असूं दे,” हरी खिडकीतून बाहेर बघत म्हणाला. “माका हरल्याचा वायट वाटूक नाय. तुमका इतक्या आनंदात मी कधी बघूक नव्हतंय. ताच वायट वाटला.”

 परळ येईपर्यंत दाजी पुढच्या बाकाच्या दांडीकडे बघत राहिला.

हरी पुढे शिकला. एका बँकेने त्याला बोलिंगवर नोकरी दिली, तो बँकेच्या संघातून खेळू लागला. त्याचं नाव पेपरात वरच्या बाजूला, ठळक छापून येऊ लागलं. विश्राम ते आधी वाचायचा. दाजी म्हणायचा, “बरां झाला, बरां झाला.” त्यात काही लबाडी नव्हती. पण त्याची नजर पानावरून खाली सरकत असायची. विश्राम पेपर तसाच हातात धरून ठेवायचा, खालचं वाचायचा नाही. मग दाजीच चाचरत विचारायचा, “आणि... कॉलेजांचा काय?” त्याने नाना उपाय केले. एक सबंध हिवाळा वाचनालयाची पायरी चढला नाही. बँकेच्या संघातली सगळी नावं पाठ केली. कुणकेश्वरासमोर उभं राहून, हे माणकेश्वरचं खूळ काढून घे म्हणून गाऱ्हाणंही घातलं. देवाने ते काही मनावर घेतलं नाही.

हरी सणासुदीला यायचा, बापाशी नीट बोलायचा, बागेचं विचारायचा. क्रिकेटचा विषय दोघेही काढत नसत.

एका साली कॉलेजांचे सामने लांबले होते, तेव्हा शिमग्याला तो एस.टी.ने आला. हातपाय धुऊन पडवीत टेकला. दाजी आंब्याच्या पेट्या ठोकत होता. हरी थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “माणकेश्वर हरला, बाबा. शेवटच्या सामन्यात.”

दाजीचा हातोडा थांबला. “तुका कोणी सांगल्यान?”

“मी गेललंय बघूक. तिनय दिवस. रजा काढून.”

“हॅमिल्टनचो सामनो?”

“नाय. दुसऱ्याच कॉलेजाचो.”

“मगे तू कित्याक गेललंस?”

हरीने खांदे उडवले. “तुमी हंय दोन दिसांनी वाचतलास. म्हटलं, कोणीतरी थंय बसलेला बरां.”

दाजीने हातोडा खाली ठेवला. पोरं कशी हरली, कोण किती वेळ उभं राहिलं, शेवटचा पोर चेंडू न खेळता सोडून देऊन कसा बाद झाला, एकेक तो विचारत गेला, आणि हरी सांगत गेला.  आतून यशोदेने दोनदा हाक मारली, मग ती स्वतःच दारात आली.

“हरले तर हरले,” ती म्हणाली. “भात निवता थंय.”

“येतंव गो,” दाजी म्हणाला, आणि हरीकडे वळला. “त्या पोरान तो चेंडू सोडल्यान कसो?”