खोट्या डोळ्याचं पान

ताईच्या अठ्ठावन्न वर्षांपैकी एकतीस भावाच्या कार्यशाळेच्या पुढच्या खोलीत गेली. कार्यशाळा म्हणजे दोनच खोल्या. मागे दादा कृत्रिम डोळे बनवायचा. पुढे ताई पेशंटना बसवायची, कागद भरून घ्यायची आणि ज्याला रडायचं असेल त्याला रडू द्यायची. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारेही आता उरले नव्हते.

तीन वर्षांत पेशंट आटले. अलीकडच्या दोन महिन्यांत आला तो एकच म्हातारा, तोही जुना डोळा घासूनपुसून घ्यायला. दादा म्हणायचा, हल्ली लोकांचे डोळे जात नाहीत, चांगलंच आहे की. ताईला ते पटेना. डोळे जायचे थांबले नव्हते. लोक मोबाईलवर जे पहिलं दिसेल तिकडे जात होते. कार्यशाळा बंद पडली तर दादाला मुलाकडे जाता आलं असतं. ताईला ही खोली सोडून काही नव्हतं.

वेबसाइट होती, दादाच्या मुलाने परगावी जाण्याआधी करून दिलेली. पासवर्ड काही केल्या आठवत नाही, असं दादा म्हणाला. ताईने भाच्याला फोन करून तो मिळवला. आत सगळा उकिरडा होता: फोन नंबर जुना, निम्मे फोटो दिसतच नव्हते. त्यावर कडी म्हणजे सेटिंगमध्ये एका ओळीपुढे बरोबरची खूण होती. ओळ अशी, की शोधणाऱ्यांना ही साइट दाखवू नये. दुकान उघडं ठेवून दाराला आतून कडी घालावी तसा प्रकार. भाच्याचा वेंधळेपणा, असं पुटपुटत तिने खूण काढून टाकली.

तरी कोणी येईना. मग ती आपणच लोकांसारखं टाइप करून बघायला लागली, आणि घोळ तिच्या लक्षात आला. साइटवर सगळीकडे दादाचा शब्द होता, 'कृत्रिम नेत्र'. दुखऱ्या माणसाच्या तोंडात असला शब्द कशाला येईल? एकतीस वर्षं समोरच्या खुर्चीत बसून लोक म्हणत आले होते, खोटा डोळा. दादा त्यावर दर वेळी चिडायचा, "आपण इथे खोटं काही बनवत नाही."

ताईने त्याला न विचारता पानाचं नाव बदललं, 'खोटा डोळा'. खाली लोकांनी तिला विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहिले. झोपताना काढायचा का? पोहताना पडेल का? खोट्या डोळ्यातून पाणी येतं का? येतं, तिने लिहिलं, रडण्याची सोय शाबूत असते. तज्ज्ञांचा आव नाही, वैद्यकीय भाषा नाही. समोर बसून सांगावं तसं. दोन महिन्यांत ते पान शोधात सगळ्यांच्या वर गेलं. फोन वाजायला लागला. ताईने नवी वही काढली आणि खुर्च्यांना नवे अभ्रे घातले. दादा मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेला.

पहिली आली ती बालवाडीची शिक्षिका. गाठ झाली म्हणून उजवा डोळा काढलेला. मुलं जवळ यायला घाबरतात, म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात शाळा उघडणार होती. दादाने साचा घेतला, बुबुळ रंगवायला बसला. पूर्वी तासाभरात उरकणारं काम चार दिवस चाललं. शिक्षिका यायच्या सकाळी ताईने डोळा खिडकीशी नेऊन पाहिला. घडण उत्तम होती. पण शिक्षिकेचा डावा डोळा काळाभोर, आणि हा तांबूस, शिळ्या चहासारखा.

"दादा, रंग चुकलाय."

"काळाच आहे तो."

"दादा."

त्याने ब्रश ठेवला. तळहात डोळ्यांसमोर धरले, पण ते तरी त्याला धड दिसत होते की नाही कोण जाणे. मग म्हणाला, "तीन वर्षं झाली. पडदा गेलाय दोन्ही डोळ्यांचा, इलाज नाही. मधलं काही दिसत नाही, कडेचं दिसतं. साइटवर ती खूण मीच घातली होती. लोक आपोआप यायचे थांबले असते, कुणाला काही सांगावं लागलं नसतं."

"मला तरी सांगायचं होतं."

"तुला सांगितलं असतं तर दुकान त्याच दिवशी संपलं असतं. मग तू कुठे जाणार होतीस?"

ताईने डोळा उचलला. बाहेर शिक्षिका येऊन बसली होती.

ताईने डोळा बसवून दिला, आरसा हातात दिला. शिक्षिका बघत राहिली. इतके महिने तिथे खळगा बघितलेला; काहीही भरलेलं तिला सुंदरच दिसणार. तिने हसून विचारलं, "कळतंय का हो ताई?"

हो म्हणायचं की नाही, एवढंच होतं. हो म्हटलं की वही, फोन, अभ्रे, सगळं आटोपलं.

"कळतंय," ताई म्हणाली. "आणि मुलांना आधी कळेल. हा घेऊ नका. आमच्याकडून आता होत नाही."

शिक्षिका भडकली नाही, तेच वाईट झालं. तिने डोळा काढून रुमालावर ठेवला आणि पुन्हा पट्टी बांधली. शाळा उघडायच्या आत दुसरीकडे होईल का, एवढंच तिने विचारलं. होणार नव्हतं. ताईने तिला दुसऱ्या शहरातल्या कारागिराचा पत्ता लिहून दिला.

दादाला मुलगा घेऊन गेला. आत्यालाही चल म्हणाला, एकदाच. मागची खोली जागेच्या मालकाने एका शिंप्याला दिली. पुढच्या खोलीत भाड्याची मुदत संपेपर्यंत ताई बसून असते. 'खोटा डोळा' अजून सगळ्यांच्या वर आहे. लोक ते वाचून तिला फोन करतात. ती त्यांचं सगळं ऐकून घेते, सहा ठिकाणचे पत्ते सांगते आणि फोन ठेवते.