कागद न ऐकता वर केलेला हात

रुमालाखाली बोटं धरून सौदा करताना मी सख्ख्या भावावरही विश्वास ठेवत नसे. तरी अमरावतीच्या कापूस बाजारात वजनाच्या तंट्यांसाठी पंच निवडताना, माझ्याशी कायम चढाओढ करणाऱ्या अकोटच्या व्यापाऱ्यांनी हात खाली ठेवले एवढ्यावरूनच मी माझा वर केला. पंचाच्या नियमांचा कागद कुणी वाचून दाखवला नाही, मीही विचारलं नाही.

आठवड्याभरात माझाच कापूस वजनात कमी भरला. मी पुन्हा तोलायला सांगितलं.

"फेरवजन नाई, शेट. कागदात लिवलं हाय," पंच म्हणाला.

"मले कोनी सांगितलं?"

"मंग हात काहून वर केला?"

मी शिव्या घातल्या. तो हसत राहिला. आता हात वर करण्याआधी मी कागद मोठ्यानं वाचायला लावतो. वाचणारा ओळ गाळेल म्हणून त्याच्यामागे दुसरा वाचणारा उभा करतो.