बायस्कोपमामा आणि बिनआवाजाची कॅसेट

आमचे मोठे मामा रेडिओच्या बातम्यासुद्धा कुणाला ऐकू देत नसत. बाई एक वाक्य वाचायची, की पुढचं मामा सांगायला लागत. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या मनात या घटकेला काय चाललं असेल, ते शेजारच्याच्या कानात सांगत. एकदा सौसरला आमच्याकडे सत्यनारायण होता. साधुवाण्याच्या कथेत गुरुजी पाणी प्यायला थांबले, तेवढ्यात मामांनी त्याची नाव बुडवून, परत वर काढून अध्याय संपवला. गुरुजी बिचारे आरतीकडे वळले.

पांढुर्ण्यात त्यांना सगळे बायस्कोपमामा म्हणत. सिनेमा मुका होता त्या काळी, मिसरूड फुटायच्या आत, मामा एका फिरत्या तंबूवाल्याकडे कामाला लागले होते. पडद्याशेजारी काठी घेऊन उभं राहायचं आणि कोण कोणाला काय म्हणतोय ते लोकांना सांगायचं, हे त्यांचं काम. मोहगाव, रामाकोना, सौसरचा बाजार, सगळीकडे त्यांचा आवाज गाजलेला. मग सिनेमा स्वतःच बोलायला लागला. तंबूवाला निघून गेला आणि मामा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून झाले. त्यानंतर त्यांनी बोलपट असा पाहिलाच नाही. "ज्या सिनेमाले स्वतःचं तोंड हाय, त्याले माझं काय काम?" असं म्हणत. थिएटरवरून जाताना ते मान दुसरीकडे वळवत.

हे सगळं गावाला मान्य होतं, फक्त मामीला नव्हतं. मामी जाम नदीपलीकडच्या सावरगावची. तिचं लग्न झालं तेव्हा तंबू कधीच उठला होता. "मी आली तवा हे गाठी मोजत होते. बायस्कोप मी नाही पाह्यला," एवढंच ती म्हणे. पाहुण्यांपुढे मामांचा तंबू रंगात आला, की ती चहाची कपबशी ठेवून म्हणायची, "यातली साखर खरी हाय. बाकीचं तुम्ही पाहून घ्या." पाहुणे हसत. मामाही हसत, पण मग गप्प होत, आणि मामा गप्प झालेले बघवत नसत. एकदा बसस्टँडवर मला पोचवायला आले असताना म्हणाले, "साऱ्या गावासाठी मी बायस्कोपवाला. इच्यासाठी मी अजून कारकूनच हाय." त्यांना ते फार लागलं होतं, आणि मामीला त्याचा पत्ताही नव्हता.

पुढे मामांच्या प्रभाकरने व्हिडिओ कॅसेटचं दुकान टाकलं. नागपूरहून आणलेल्या गठ्ठ्यात एक परदेशी, जुनाट सिनेमा आला. पहिल्या गिऱ्हाइकाने कॅसेट परत आणली, "आवाज नाही याले." दुसऱ्याने टीव्हीला चापट्या मारून पाहिल्या. तिसऱ्याने तर मेकॅनिक बोलावून टीव्हीचं मागचं झाकण उघडवलं. प्रभाकरने स्वतःचा व्हीसीआर स्पिरिटने पुसून काढला, तरी आवाज येईना. शेवटी त्या कॅसेटवर कोणाचं तरी लग्न भरून टाकायचं त्याने ठरवलं. मामा ओसरीत चहा पीत होते.

"माणसाचे ओठ हालून राहिले का?" त्यांनी विचारलं.

"हालून राहिले."

"मधी मधी काळ्या पाटीवर लिहून येते?"

"येते. इंग्रजीत."

मामांनी कप खाली ठेवला. "ते बिघडलं नाही बावा. ते माझं हाय."

रविवारी दुपारी खेळ ठरला. मी सौसरहून मुद्दाम गेले. मामा काळी टोपी घालून, छत्रीची काठी करून टीव्हीशेजारी उभे. अंगणात आळी लोटलेली. मामीचे भाऊ गुलाबराव सावरगावची माणसं घेऊन आलेले. मामी मात्र दाराशी सुपात तुरीच्या शेंगा सोलत बसली. "मले इथून दिसते," म्हणाली. मामांचं इंग्रजी सहीपुरतं. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून म्हटलं, पाट्या मी वाचते. "तू वाचशीन त गोष्ट तेवढीच राहीन," मामा म्हणाले.

पडद्यावर नदी आली. या काठाला डोक्यावर साहेबी टोप घातलेला तरुण, त्या काठाला पवनचक्की, तिचा जाडा मालक आणि त्याची मुलगी. मी वाचलं त्याप्रमाणे भांडण एका घोड्याचं होतं. मामांनी छत्री टेकवली. "ही जाम नदी. हा पोट्टा पांढुर्ण्याचा. अन् ही पोट्टी सावरगावची."

सारं अंगण सरसावून बसलं. फार पूर्वी असंच एक जोडपं पळून जाताना दोन्ही काठांवरच्या दगडांनी भर नदीत मेलं म्हणतात, आणि त्यापायी आमच्याकडे दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं एकमेकांवर दगड फेकतात, त्यामुळे पुढची गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही. गुलाबराव उठले. "भाऊजी, टोपवाला सावरगावचा करा. दिसायले तोच बरा हाय." पांढुर्ण्याची माणसं हसली, सावरगावची चिडली. बघता बघता लोक उठून आपापल्या गावाप्रमाणे दोन बाजूंना बसले. प्रभाकर हात पसरून टीव्हीपुढे उभा राहिला. टीव्ही भाड्याचा होता.

मामांनी कोणाकडे पाहिलंसुद्धा नाही. बारीक आवाज काढून ते मुलीचं बोलणं बोलत होते, "बाबा, मी चालली."

"अशी कशी चालली?" दारात उभी राहून मामी कडाडली. "मायले न सांगता? सावरगावची पोट्टी मायले न सांगता उंबरठा ओलांडत नाही."

त्याच वेळी पडद्यावरची मुलगी नशिबाने मागे वळली. "माय, जातो मी," मामा तिच्या आवाजात म्हणाले, "कडी लावून घे." मामी खाली बसली. शेंगांचं सूप तिथेच राहिलं. ती सरकत सरकत कधी पुढे आली, कळलंच नाही.

नाव नदीत आली. जाडा बाप मागून दुसरी नाव काढत होता. टोपवाला पाण्यात पडला. मामांचा आवाज खाली खाली येत गेला, आणि एकदम थांबला. त्यांना मामी अगदी समोर बसलेली दिसली होती. ती पदर तोंडाशी धरून रडत होती. सिनेमा आपला मुकाट पुढे चालला होता.

"थांबले कायले?" मामी म्हणाली. "बोला न. मंग काय झालं?"

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांची गोष्ट चालू असताना तिने त्यांना "पुरे करा" सोडून दुसरं काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मामा घोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी त्या दोघांना असं काही पैलतीरी नेलं, की सावरगावच्यांनीही टाळ्या वाजवल्या. माझ्या समजुतीप्रमाणे पडद्यावर तेव्हा घोड्याचा लिलाव चालला होता.

खेळ संपल्यावर मामीने डोळे पुसले, सूप उचललं. मामा तिच्याकडे बघत उभे होते. "घसा बसला असन," ती म्हणाली, "ज्येष्ठमध घ्या." आणि आत गेली. पुढेही तिने त्या दुपारबद्दल त्यांच्याजवळ कधी एक शब्द काढला नाही. मामा वाट पाहत असणार, हे मला ठाऊक होतं.

दोन-तीन वर्षांनी मामा गेले. भेटायला आलेल्यांपैकी जिनिंगमधले एक जुने गृहस्थ म्हणाले, "फार चोख कारकून होते."

मामीने वर पाहिलं. "कारकून पोटासाठी होते. ते बायस्कोपात बोलत होते."

मामी नेहमीसारखी थट्टा करतेय असं वाटून गृहस्थांना सवयीने थोडं हसू आलं.

"हसता कायले?" मामी म्हणाली. "मी ऐकलं हाय."

मामांनी हे ऐकायला हवं होतं. मला रडू आवरेना.