तांबटाचे अकरा फोटो

साताऱ्यात नगरपालिकेच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या पुरुषांना मी नको होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. शाळेत शिकवणारी, बिनलग्नाची बाई पदर खोचून हौदाच्या कठड्यावर चढते आणि डोळ्याला कॅमेरा लावते, हे त्यांना बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. एक रिटायर्ड वकील रोज म्हणायचे, "बाई, पडाल हां. आणि पडलात तर तुमचा फोटो कोण काढणार?" एकदा मी म्हटलं, "तुम्ही काढा. रोज टक लावून बघताय, सराव झाला असेल." दुसऱ्या दिवसापासून ते पलीकडच्या वाटेनं फिरू लागले.

हौदाला लागून पांगारा होता. त्याच्या वठलेल्या फांदीत तांबटाच्या जोडीनं ढोली कोरली होती, कठड्यावरून जेमतेम चार हातांवर. तांबट म्हणजे चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर लाल टिळा, दिवसभर टुक् टुक् करणारा. माघ संपता संपता मी पहिला फोटो काढला तेव्हा दोघं आळीपाळीनं लाकूड कोरत होती. कॅमेरा पगारातून घेतलेला, जुना. रोल बारा फोटोंचा. मी एकेक फोटो चिक्कूपणानं वापरला. भुसा बाहेर फेकणारी चोच, ढोलीच्या तोंडाशी अडकलेली शेपटी, मग चैत्रात उंबर घेऊन आत शिरणारा बाप. अकरा झाले. एका शनिवारी संध्याकाळी ढोलीतून पिल्लाचं डोकं बाहेर आलं, पण उजेड गेला होता. बारावा फोटो त्या डोक्याचाच काढायचा, रविवारी, आठच्या उन्हात, असं ठरवलं. पिल्लं उडाली की पुढचं वर्षभर वाट बघायची. घरात माझं म्हणावं असं काही नव्हतं. पगार आईच्या हातात, सुट्टी पाहुण्यांच्या पायाशी. हे बारा फोटो तेवढे माझे होते.

माझे वडील, आबा, फौजेतून हवालदार होऊन परतले होते. दर रविवारी सकाळी ते अंगणात गोणपाट अंथरून घरातली यंत्रं मांडायचे. शिवणयंत्र, घड्याळ, स्टोव्ह, माझी सायकल. तेलाची कुपी आणि चिंधी घेऊन बसले की दहापर्यंत उठत नसत. साफ नसलेलं यंत्र ऐनवेळी दगा देतं, हा त्यांचा धर्म होता.

त्या रविवारी मी न्हाऊन बाहेर आले तर गोणपाटावर माझा कॅमेरा. पाठ उघडी. रोल पुरा उलगडून उन्हात पसरलेला आणि आबा तो चिंधीनं पुसत होते.

"आबा! काय केलंसा हे?"

"साफ करतोय की. आदी हत्यार खाली करायचं, मगच तेल. ह्यो पट्टा बी लय धुळीचा हुता, पुसून घेतला."

गोळ्यांचा पट्टा काढावा तसा त्यांनी रोल काढला होता. ऊन लागलं की रोल मेला, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीच सांगायला हवं होतं, पण तेव्हा डोक्यात नुसता जाळ होता. रागात माझी शाळेतली भाषा गळून पडते. ओल्या केसांनी, गल्ली ऐकेल एवढ्या आवाजात मी ओरडले, "तुमची फौज तिकडंच सोडून यायची हुती! ह्या घरातल्या एका बी वस्तूला हात लावायचा न्हाई तुमी!"

आबा उठून उभे राहिले. चिंधीची घडी घालून कुपीशेजारी ठेवली. "व्हय," एवढंच म्हणाले.

गावातल्या फोटोवाल्याकडे नवे रोल गुरुवारी आले. शुक्रवारी सकाळी कठड्यावर चढले तर ढोली रिकामी. अर्धा तास उभी राहिले. वर कुठंतरी टुक् टुक् चालूच होतं, त्याचासुद्धा राग आला.

घरी आले तर भिंतीवरचं घड्याळ बंद. त्याला किल्ली आबाच द्यायचे. रविवारपासून दिली नव्हती. ते दाराशी बसले होते. म्हणाले, "बातम्यांची येळ झाली. रेडू लावू का गं?"

बाप पोरीला विचारतो! माझं डोकं पुन्हा फिरलं. "इचारताय काय, आबा? रेडिओ तुमचाच हाय की."

"न्हाई. कशाला बी हात लावायचा न्हाई म्हणलीस. हुकूम मागं घ्यायचा तर तुज्या तोंडानं सांगावं लागतंय."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडून मोकळी झाले असते. आयुष्यभर वरच्याचं ऐकलेल्या माणसानं घरात जो सगळ्यांत मोठ्यानं ओरडला त्याला वरचा मानलं होतं, आणि ती मी होते.

"मागं घेते, आबा." एवढंच म्हणायचं होतं. साठ पोरांच्या वर्गात घसा फुटेस्तोवर बोलणारी बाई मी. पण मला माझे अकरा फोटो हवे होते, आणि त्या घटकेला ते बापापेक्षा जास्त हवे होते. मी स्वतः जाऊन रेडिओ लावला, आवाज मोठा केला आणि पिशवी उचलून शाळेला निघून गेले.