डाव्या पायाची करंगळी

फोटोभाऊंसमोर त्यांच्या फोटोला ‘चांगला’ म्हणायची सोय नव्हती. कुणी तसं म्हटलंच, तर ते उठून तो फोटो दोरीवरून काढत आणि टेबलावर पालथा घालत. “तुका चांगलो दिसलो म्हणजे तू नीट बघूकच नाय,” असं वर ऐकवत. मालवणच्या बाजारातून किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ होता. पुढच्या पडवीत कपडे वाळत घालायची दोरी, तिला चिमट्यांनी लावलेले वाळूच्या टेकड्यांचे फोटो, आणि खाली बाकावर पाय वर घेऊन बसलेले भाऊ. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत, “ये रे, जरा चूक सांगून जा.”

लोक सांगतही. मासे विकून परतणारी एखादी बाई डोक्यावरची टोपली न उतरवताच म्हणे, “ह्या उन्हात माझो सुको बांगडो वाळाचो नाय. मेलेलां ऊन ह्यां.” भाऊ तेवढ्यावर खूश. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा त्याच टेकडीवर, पुन्हा तोच उतार. कुणी म्हणे, “भाऊ, ह्यां भाकरेचां पीठ काय?” त्यावर ते हसत नसत. फोटो डोळ्यांजवळ नेत आणि खरोखरच पीठ दिसतं का ते बघत.

मी तेव्हा समोरच्या मच्छीमार सोसायटीत नोकरीला होतो. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. सबंध दिवस आकड्यांत गेल्यावर संध्याकाळी भाऊंच्या बाकावर टेकायची मला सवय लागली. पोटापाण्यासाठी ते लग्नं काढत, शाळेचे वर्ग काढत, नोकरीच्या अर्जांवर लावायचे चेहरे काढत. चेहऱ्यांचा त्यांना मनापासून कंटाळा होता. “माणूस फोटोक बसलो की खोटो होता,” ते म्हणत. “वाळू बसना नाय.” त्यांच्या टेकड्यांच्या फोटोत म्हणून माणूस नसे, होडी नसे, समुद्रही क्वचित. नुसता उतार, वाऱ्याने ओढलेल्या रेघा आणि सावली. हा छंद त्यांनी वीसेक वर्षं जोपासला होता. त्याच्या खर्चाचा हिशेब मांडायचा मी एकदा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी मला चहा पाजून घरी पाठवलं.

नवऱ्याचं हे वेड वहिनींना मुळीच पटत नसे. त्या आतून भांडी घासता घासता ऐकवत, “लोकांचे घोव सोन्याचे दागिने हाडतत, आमचो रेव हाडता. ती पण कागदार.”

एका थंडीत मात्र भाऊंनी स्वतःचाच नियम मोडला. दव पडून वाळू वरून ओलसर झाली होती. टेकडीच्या उतारावरून माथ्याकडे अनवाणी पावलांची एक रांग गेलेली, कोवळं ऊन तिरपं, प्रत्येक पावलात सावली साठलेली. पावलं टाळून फोटो घ्यायला दुसरी जागा शोधेपर्यंत ऊन वर आलं असतं. त्यांनी पावलांसकट फोटो घेतला. छापून दोरीला लावला, तेव्हा सगळ्यांत जवळच्या पावलाची बोटंसुद्धा मोजता येत होती. रांग खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघून उजवीकडे वर चढत गेली होती आणि बघणाऱ्याचा डोळाही तिच्यामागून आपोआप माथ्यावर जाई. मी बराच वेळ बघितलं. चूक सापडेना.

त्याची एक मोठी प्रत भाऊंनी मुंबईच्या एका प्रदर्शनाला पाठवली आणि ती निवडली गेली. तार आली त्या दिवशी वहिनींनी स्वतः बाजारात जाऊन खडखडे लाडू आणले, सोसायटीत वाटले, शेजारी वाटले. “आता म्हणा वेडो!” असं त्या ज्याला त्याला सांगत होत्या. रविवारी उद्‌घाटन होतं. भाऊंनी नवा सदरा शिवायला टाकला.

बुधवारी दुपारी तांडेल आले. किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, म्हणजे रापणीचे, ते म्होरके. आडदांड माणूस, आवाज खाडीपलीकडे जाणारा. भाऊंचं आणि त्यांचं लहानपणापासून पटत नसे, आणि एकमेकांशिवाय करमतही नसे.

“मुंबयक जातंस म्हणे, फोटोवाल्या? खंयचो तो फोटो?”

भाऊंनी दोरीकडे बोट दाखवलं. तांडेल जवळ गेले. लाडू तोंडात होता, तो चावता चावता थांबले.

“ह्यो पाय कोणाचो?”

“माका काय ठावक! सकाळी कोण गेलो असात वरसून.”

“रोज सकाळी समुद्र बघूक त्या टेकडेर मी जातंय. दुसरो कोण मराक जाता थंय?” तांडेलांनी चप्पल काढली आणि आपला डावा पाय बाकावर ठेवला. त्या पायाला करंगळी नव्हती. “माझोच पाय ह्यो. करंगळी नाय, बघ. पण फोटोत ह्यो उजवो आसा. माझो पाय उजवो कधी झालो रे?”

आधी सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी फोटो उतरवला, आत गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. शेवटी मला हाक मारली. निगेटिव्ह माझ्या हातात देऊन म्हणाले, “तू आकड्यांचो माणूस. फिल्मच्या काठावरचे आकडे सरळ दिसतीत अशी धर, आणि सांग.” मी उजेडात धरली. आकडे सरळ होते आणि पावलांची रांग उजवीकडून डावीकडे चढत होती. छापताना निगेटिव्ह यंत्रात उलट्या बाजूने बसली होती. ती टेकडी तर दुसऱ्याच दिवशी वाऱ्याने बदलली होती. ताडून बघायला काही उरलं नव्हतं. आरशात दिसावी तशी टेकडी मुंबईला गेली होती.

भाऊंनी लगेच सुलटा फोटो छापला. तो आम्ही ओला असतानाच पाहिला. तीच टेकडी, तेच ऊन, पण डोळा डावीकडून आत शिरे तो रिकाम्या उतारावर आपटे आणि पावलांवरून खाली घसरे. फोटो साफ फसला होता.

“ह्यो कोण निवडतलो?” भाऊच म्हणाले.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. “गप रवा,” त्या म्हणाल्या. “मुंबयच्या लोकांका तांडेलाचो पाय ठावक आसा काय? एवढ्या वर्षांनी एकदा नाव येता, तां पण पुसतलास?”

मीही तेच म्हणालो. पाहणाऱ्यांपैकी एकालाही हे कळणार नाही, हे गणित सरळ होतं. तांडेल पडवीतून ओरडले, “लावशीत तर माझो पाय लाव! ह्यो माझो न्हय!” आणि निघून गेले.

ते तीन दिवस मला अजून आठवतात. दोरीवर एकही फोटो नव्हता. भाऊ बाकावर बसत, पण कुणाला हाक मारत नसत. वहिनी त्यांच्यासमोर ताट आपटून ठेवत. गुरुवारी मी विचारलं, “भाऊ, काय ठरवलात?” ते दोरीवरचे रिकामे चिमटे काढत राहिले. शुक्रवारी मात्र आपणहून बोलले. “ती करंगळी कशी गेली, माहीत आसा तुका? वादळात होडी उलटली, तेव्हा ह्या पायाक दोर गुंडाळून उभो रवलो तो. दोन माणसां काठार आणल्यान. करंगळी दोरान नेली. आता मी ती दुसऱ्या पायाची कापू?”

मी शनिवारची रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर एसटीत बसलो. त्यांच्या काखेत सुलट्या फोटोची गुंडाळी होती. वहिनी निरोप द्यायला आल्या नाहीत. वाटेत भाऊ घाटात एकदा आणि चहाला थांबलो तेव्हा एकदा असं दोनदाच बोलले, दोन्ही वेळा एकच. “ते बदलून लावतीत, नाय रे?” मी हो म्हणालो. मला तसं वाटत नव्हतं.

उद्‌घाटनाला थोडाच वेळ उरला होता. रविवारी आम्ही मुंबईच्या दालनात पोहोचलो तेव्हा तिथे खुर्च्या मांडत होते. भाऊंचा फोटो बरोबर दारासमोरच्या भिंतीवर, खाली त्यांचं नाव. मोठा केलेला तो उलटा फोटो इतका सुरेख दिसत होता की माझे पाय जागीच थांबले. भाऊंनीही त्याच्याकडे एकवार बघितलं आणि मान खाली घातली.

व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “अहो, वाळूच्या टेकडीला डावं-उजवं काय असतं?” ते म्हणाले. “उलटं असूनही उत्तम आहे. राहू द्या.”

“पाय माणसाचा आहे,” भाऊ म्हणाले. “त्याला डावं-उजवं असतं.” शहरात आले की ते असं जपून, पुस्तकासारखं बोलत.

व्यवस्थापकांनी गुंडाळी उलगडली, पाहिली. “खरं सांगू?”

“खरंच सांगा.”

“हा आला असता तर निवडला गेला नसता. आणि आता बदलून लावता येणार नाही. परीक्षकांनी तो निवडला आहे, हा नाही. लावायचा तर तोच, नाहीतर काढावा लागेल.”

मी भाऊंच्या कोपराला हात लावला. मला वाटलं, आता ते गप्प बसतील; बसले असते तर मीही त्यांना आयुष्यभर काही म्हटलं नसतं. बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लागत होत्या.

“काढा,” भाऊ म्हणाले.

काढायला माणूस मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच स्टुलावर चढून तो उतरवला. खालची नावाची पट्टी मात्र राहून गेली. संध्याकाळभर लोक आत येत, दारासमोरची मोकळी भिंत बघत, खालचं नाव वाचत आणि पुढे सरकत. भाऊ नवा सदरा घालून समोरच्या खांबाशी उभे होते. मी चला म्हणालो, तर म्हणाले, “थांब. सगळे फोटो बघून जाऊया. इलंव आसंव तर.” आणि त्यांनी खरोखरच सगळे पाहिले.

मालवणच्या स्टँडवर उतरलो तेव्हा वहिनी तिथे उभ्या होत्या. भाऊंकडे न बघता त्यांनी मला विचारलं, “लोक बघी होते काय?”

मी काहीतरी बरं सांगायच्या तयारीत होतो. भाऊ म्हणाले, “भिंत बघी होते.”

वहिनी फिरल्या आणि एकट्याच पुढे चालू लागल्या. आम्ही मागून. बाजार संपला, उतार लागला, तशा त्या थांबल्या. भाऊंच्या काखेतली सुलट्या फोटोची गुंडाळी ओढून घेतली आणि भर रस्त्यात उलगडून धरली. एक सायकलवाला घंटी वाजवत बाजूने गेला, तरी त्या हलल्या नाहीत.

“टेकडी भिकारडी दिसता,” त्या म्हणाल्या. मग कागद डोळ्यांजवळ नेऊन, “पण पाय तांडेलाचो आसा.”

भाऊंनी गुंडाळीसाठी हात पुढे केला. वहिनींनी ती पदराखाली धरली आणि घरापर्यंत त्यांना दिली नाही.