अर्धलीची पिल्लं

हे मी नवऱ्याला सांगितलं न्हाय, आईला न्हाय, देवापुढं बी न्हाय. आज तुमाला सांगते. का सांगते — ठावं न्हाय. रडू येत न्हाय त्याचं आता. तवा बी आलं न्हवतं.

माझं माहेर कऱ्हाटी. अंथुर्ण्याला नांदायला येऊन चार वर्सं झाली व्हती. शहाण्णव-सत्त्याण्णव साल असंल. शेजारी सखूआत्या एकटी ऱ्हायची. नात्याची न्हवं, पर समदी गल्ली तिला आत्याच म्हनायची. डोळ्यांत पडदा आलेला, कोंबड्यांमागं पळनं होईना. म्हनून तिनं आपली खुडूक, अंडी उबवायला बसलेली कोंबडी मला अर्धलीनं दिली. म्हंजे कोंबडी तिची, दाना-पानी माझं, पिल्लं निम्मी-निम्मी. तिची लेक दिवाळीला पहिल्या बाळंतपणासाठी यायची व्हती. "तवर माझ्या पिल्लांच्या तलंगा हुत्याल, बाळंतिणीला अंडी देत्याल गं," दिवसातनं धा येळा म्हनायची.

दहा पिल्लं निघाली. समदी करडी, एकसारखी. कुनाची कुठली, कसं वळकायचं? मी म्हनलं, आत्या, माझ्या पाचांना रंग लावते, खुणंला. रंगपंचमीचा लाल रंग घरात व्हताच. ती म्हनली, "लाव की बाई."

हितं मी थांबते. मनातल्या मनात सांगताना बी हितंच थांबते.

आमची आई माहेरी समद्या पिल्लांना लाल रंग लावायची. खुणंला न्हवं — घारीसाठी. रंगवलेल्या पिल्लावर घार झडप घालत न्हाय, असं तिचं म्हननं, आन् मी ते डोळ्यांनी बघितलेलं. अंथुर्ण्यात आमच्या गल्लीत हे कुनाला ठावं न्हवतं. मला व्हतं.

पाच पिल्लं रंगवून झाली तरी वाटीत रंग उरला व्हता. आनखी पाच आरामात झाली असती. मी तो मोरीत ओतला. घारीला बी पोट हाय, तिला काय तरी लागनारच, मंग आत्याचं न्हेऊ दे — असं मनात आलं. आपोआप आलं म्हनू? न्हाय. मी ते आनलं.

चौथ्या दिवशी घार आली. कोंबडी कर्कश वरडली, पिल्लं तिच्या पंखाखाली घुसली, आन् एक कमी. आत्याला दिसायचं न्हाय. तिनं इचारलं, "कुनाचं गेलं गं?"

तुमचं, आत्या.

खोटं कुठं बोलले मी? खरंच तिचंच व्हतं. दर खेपंला तिचंच.

तिसरं गेलं तवा वाटलं, उरलेल्या दोघांना तरी लावावा रंग. पुडीत थोडा व्हता. पर मंग ती म्हनली असती, आधी का न्हाय लावलास? येवढ्या एका सवालाला भ्याले मी. पुडी मडक्यांमागं सारली. पंधरा दिवसांत तिची पाचीच्या पाची गेली.

मला वाटलं, आता बसंल घरात. तर दुसऱ्या दिवशी काठी घेऊन आत्या उकिरड्यापाशी हजर. घार दिसायची न्हाय तिला. कोंबडीचा आवाज बदलला की काठी आपटायची आन् आभाळाकडं तोंड करून "हाऽऽ हाऽऽ" वरडायची. मी म्हनलं, आत्या, तुमची तर गेली, कशाला उन्हात बसता?

"तुजी तरी वाचू देत, पोरी."

पिल्लं मोठी होईस्तवर राखली तिनं. मी खुरपायला जायचे. निवांत जायचे — हे बी सांगते.

दिवाळीपतूर पिसं बदलली, लाल रंगाचा मागमूस ऱ्हायला न्हाय. त्यातली एक तलंग उचलून तिच्या दारात सोडली असती तर? कोन म्हननार व्हतं काय? पर सोडली न्हाय.

लेक बाळंत झाली तवा वाटीत चार अंडी घेऊन गेले. आत्यानं ती चाचपली, माझ्या तोंडावरनं हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. लेकीला म्हनली, "माजी घारीनं न्हेली गं. पर हिनं तुला अंड्यावाचून ठिवलं न्हाय. हिला इसरू नकू."

मला काय वाटलं तवा? काय न्हाय. वाटी रिकामी कवा होतीया तेवढं बघत व्हते. वाटी आमची व्हती.

आत्या गेली त्याला लई वर्सं झाली. लेक अजून गावाला आली की माझ्याकडं येते, वाकून पाया पडते.

मी पाय मागं घेत न्हाय.